आतड्याच्या भिंतीतल्या पेशी जिवंत बाहेर काढताना

प्लीहेतून लिम्फोसाइट काढणं सोपं असतं. गाळणीवर प्लीहा ठेवायची, सिरिंजच्या दट्ट्याने चोळायची, तांबड्या पेशी फोडायच्या, धुवायचं. तासाभरात पेशी अँटिबॉडी लावायला तयार. आतडं, त्वचा, फुफ्फुस अशा बाहेरच्या जगाला भिडणाऱ्या ऊतींचं तसं होत नाही. इथल्या बऱ्याच प्रतिकारक पेशी कायमच्या मुक्कामाला असतात. कुणी सीडी १०३ या रेणूने अभिस्तर (आतड्याचं आतलं अस्तर) पेशींवरच्या, पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिनला धरून, तर कुणी कोलॅजनच्या जाळ्यात रुतून. त्यांना सोडवायला रसायनं लागतात, एन्झाइम लागतं, ३७ अंशांची ऊब लागते, आणि यातली प्रत्येक गोष्ट काही पेशींचा जीव घेते. त्यामुळे फ्लो सायटोमीटरच्या (रंगीत अँटिबॉडी लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) पडद्यावर शेवटी दिसते ती वाचलेल्यांची यादी. कोण वाचलं हे आधीच बाकावर ठरून गेलेलं असतं. खाली उंदराच्या लहान आतड्यासाठी आम्ही वापरतो ती पद्धत तपशिलाने दिली आहे. त्वचा आणि फुफ्फुस ओघाने येतील.

तयारी आदल्या दिवशीच करावी. पर्कोल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करायचं द्रव) बाटलीतून काढून तसंच वापरलं तर पेशी फुगून फुटतात, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. नऊ भाग पर्कोल आणि एक भाग दहापट तीव्रतेचं पीबीएस (फॉस्फेटचं क्षारद्रावण) मिसळलं की ते पेशींना सोसेल असं होतं. हे मिश्रण १००% धरून त्यापासून ४०% आणि ८०% अशी दोन द्रावणं करायची. ४०%चं द्रावण फिनॉल रेड हा रंग असलेल्या आरपीएमआयमध्ये (पेशी वाढवायचं माध्यम) करा, ८०%चं बिनरंगाच्या पीबीएसमध्ये. दुसऱ्या दिवशी दोन थरांमधली रेघ डोळ्यांना दिसली पाहिजे, एवढ्यासाठीच हा खटाटोप. ईडीटीएचं द्रावणही करून ठेवा: कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेलं एचबीएसएस (क्षारद्रावण), त्यात ५% एफसीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), १० मिलिमोलर हेपेस (बफर) आणि ५ मिलिमोलर ईडीटीए. डीटीटी (आतड्याचा चिकट स्राव, म्हणजे म्यूकस, सोडवणारं रसायन) मात्र त्याच दिवशी, वापरायच्या थोडं आधी, गोठवलेल्या साठ्यातून १ मिलिमोलर होईल इतकं घालायचं. द्रावणात ते हवेने लवकर निकामी होतं. कालचं डीटीटी वापरलं की म्यूकस सुटत नाही आणि पुढची प्रत्येक गाळणी तुंबते.

उंदरांचा क्रमही आदल्या दिवशीच लिहून ठेवा. आधी सगळे नियंत्रण गटातले आणि मग सगळे प्रायोगिक असं कधी करू नका. शेवटच्या उंदराचं आतडं बर्फावर कमी वेळ थांबतं आणि पहिल्याचं जास्त. हा फरक गटागटांत वाटला गेला नाही तर तोच प्रयोगाचा निष्कर्ष म्हणून समोर येतो. एकाआड एक घ्यावेत. दिवसाची वेळही दर खेपेला तीच ठेवावी, कारण आतड्यातल्या आयएलसी-३ (टी किंवा बी नसलेल्या जन्मजात लिम्फोसाइटचा एक गट) पेशींचं काम घड्याळाप्रमाणे बदलतं.

उंदीर मारल्यापासून आतडं थंड द्रावणात पडेपर्यंत पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये. जठराच्या खालून आणि अंधांत्राच्या वरून कापायचं, आणि मेसेंटरीचा, म्हणजे आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा, पडदा ओढत ओढत आतडं सरळ करत आणायचं. सुरुवातीच्या भागाला, म्हणजे ड्युओडेनमला, स्वादुपिंड चिकटलेलं असतं. त्याचा इवलासा तुकडा जरी मागे राहिला तरी त्यातली प्रथिनं पचवणारी एन्झाइम पुढे ३७ अंशांवर मोकळी सुटतात आणि पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू कुरतडतात. चरबीचंही तसंच, ती तेलकट साय होऊन पर्कोलच्या वर तरंगते आणि खाली उतरणाऱ्या पेशी अडवते. ओल्या टिशू पेपरवर आतडं हळूच लोळवलं की उरलेली चरबी कागदाला लागते.

आता पायर पॅच, म्हणजे भिंतीतले लिम्फोसाइटचे गोळे. मेसेंटरीच्या विरुद्ध बाजूला, आतड्याच्या भिंतीत, पांढुरके उंचवटे दिसतात. सहा ते बारा असतात साधारण. बारीक वाकड्या कात्रीने एकेक कापून टाकायचे. शेवटच्या भागातला, इलियममधला पॅच हमखास नजरेतून सुटतो. आतडं द्रावणात भिजवून काळ्या पार्श्वभूमीवर धरलं तर सापडतो. हे इतकं महत्त्वाचं का, तर एका पॅचमध्ये बी पेशी आणि कोऱ्या टी पेशी खच्चून भरलेल्या असतात. एक राहिला तरी लॅमिना प्रोप्रियाचं, म्हणजे अभिस्तराखालच्या थराचं, सगळं चित्र बिघडतं. नंतर तपासायचं असेल तर सीडी ६२एल असलेल्या आणि सीडी ४४ कमी असलेल्या, म्हणजे कोऱ्या, टी पेशी मोजा. लॅमिना प्रोप्रियाच्या नमुन्यात त्यांचा ठळक पुंजका दिसला तर पॅच तरी राहिला आहे किंवा रक्त तरी मिसळलं आहे. क्रिप्टोपॅच आणि सुटे लिम्फॉइड फॉलिकल हे याहून छोटे पुंजके डोळ्यांना दिसत नाहीत, ते राहणारच, आणि आयएलसी-३चा मोठा वाटा त्यांतच असतो.

मग आतडं लांबीत उभं चिरायचं, थंड पीबीएसमध्ये चिमट्याने धरून हलवत विष्ठा धुवायची, आणि साधारण एक सेंटिमीटरचे तुकडे करायचे. पूर्ण आतडं एकत्र घ्यायचं की भाग वेगळे करायचे हे आधी ठरवा. ड्युओडेनम आणि इलियम या प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने वेगळ्या जागा आहेत. त्यांची लसीका ज्या गाठींकडे जाते त्याही वेगळ्या. एका खेपेला सगळं आणि दुसऱ्या खेपेला फक्त खालचा अर्धा भाग, अशी तुलना होत नाही.

तुकडे ५० मिलिलिटरच्या नळीत, २० मिलिलिटर ईडीटीए-डीटीटी द्रावणात, नळी आडवी ठेवून ३७ अंशांवर मिनिटाला २०० फेऱ्यांच्या शेकरवर २० मिनिटं. इथे दोन कामं होतात. डीटीटी म्यूकसमधले डायसल्फाइड बंध तोडतं, आणि ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं. कॅल्शियम गेलं की ई-कॅडहेरिनची पकड सुटते आणि अभिस्तराचा थर भिंतीपासून अलग होतो. त्याच्याबरोबर अभिस्तरातले लिम्फोसाइट, म्हणजे आयईएल, बाहेर येतात. नळी जोरात हलवून द्रव १०० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचा आणि बर्फावर ठेवायचा. हा तुमचा आयईएलचा नमुना. तुकडे परत नव्या द्रावणात, आणखी २० मिनिटं. पहिल्या खेपेला द्रव दुधासारखा गढूळ होतो, दुसऱ्या खेपेला कमी. अजून बराच गढूळ असेल तर तिसरी खेप १० मिनिटांची द्यावी. त्यापुढे जाऊ नये, भिंतीतल्या पेशी अशक्त होत जातात. अभिस्तर अपुरा निघाला तर लॅमिना प्रोप्रियाच्या नमुन्यात एपकॅम (अभिस्तर पेशींची खूण) असलेल्या पेशींची गर्दी होते, आणि गामा-डेल्टा टी पेशी, सीडी ८ अल्फा-अल्फा असलेल्या पेशी तिथे ‘सापडतात’. उंदराच्या लहान आतड्यात या मुख्यतः आयईएलमधल्या असतात. लॅमिना प्रोप्रियात त्या फार दिसल्या तर आधी ईडीटीएच्या पायरीवर संशय घ्यावा.

यानंतर धुणं. नवखे लोक ही पायरी घाईत उरकतात. पुढच्या पायरीत कोलॅजन पचवणाऱ्या कोलॅजनेझला काम करायला कॅल्शियम लागतं, डीएनए तोडणाऱ्या डीएनेजला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही. तुकड्यांना लागून थोडं जरी ईडीटीए पुढे गेलं तरी एन्झाइम लुळं पडतं, तुकडे अर्धा तास फिरूनही जसेच्या तसे राहतात, आणि मग ‘एन्झाइमची बॅच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. हेपेस घातलेल्या साध्या आरपीएमआयमध्ये तुकडे दोनदा, दर वेळी पाच मिनिटं हलवून धुवा आणि द्रव पूर्ण ओतून टाका.

पचनाचं द्रावण: आरपीएमआय, कोलॅजनेझ टाइप आठ ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, डीएनेज-१ ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. एका आतड्याला १० मिलिलिटर. डीएनेज कशासाठी, तर मेलेल्या पेशींचा डीएनए बाहेर येऊन चिकट जाळं होतं आणि त्यात जिवंत पेशी अडकून गोळा बनतो. डीएनेज व्हॉर्टेक्सवर कधीही फिरवू नका, जोरदार घुसळण्याने ते निकामी होतं; नळी हाताने उलटीसुलटी करावी. कोलॅजनेझ जिवाणूपासून मिळवलेलं मिश्रण असतं, त्यात इतर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइम) कमीअधिक असतात आणि दर बॅचला प्रमाण बदलतं. म्हणून नवी बॅच आली की १५, २० आणि ३० मिनिटं अशी चाचणी घ्यावी, जमलेली बॅच मोठ्या प्रमाणात घेऊन छोट्या भागांत उणे २० अंशांवर ठेवावी, आणि एका अभ्यासाच्या मध्यावर बॅच बदलू नये.

वेळ घड्याळापेक्षा तुकड्यांकडे पाहून ठरवणं चांगलं. वीस मिनिटांनी नळी जोरात हलवली की तुकडे विरघळून फक्त फिकट धाग्यांसारखा स्नायूचा भाग उरायला हवा. तसं झालं की त्याच क्षणी १०% एफसीएस घातलेलं थंडगार माध्यम ओतून थांबवायचं. ‘अजून पाच मिनिटं दिली तर जास्त पेशी मिळतील’ हा मोह आवरा. त्या पाच मिनिटांत मिळतात त्याहून जास्त पेशी मरतात. मग १०० आणि त्यानंतर ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं आणि ४ अंशांवर, सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) ८ मिनिटं फिरवायचं.

एन्झाइमने कुठला रेणू कापला जातो हे प्रत्येक नव्या अँटिबॉडीसाठी तपासायलाच हवं. प्लीहेच्या पेशी घ्या, अर्ध्या तेवढाच वेळ एन्झाइममध्ये ठेवा, अर्ध्या साध्या माध्यमात, आणि दोन्हींना एकच अँटिबॉडी मिश्रण लावा. डिस्पेससारख्या एन्झाइमने टी पेशींवरचे ओळखीचे रेणूसुद्धा फिके पडतात. ‘आतड्यातल्या पेशींवर अमुक ग्राहक (रिसेप्टर) नसतो’ असं लिहिण्याआधी ही एवढी चाचणी केलेली असावी.

पर्कोलबद्दल थोडक्यात. पेशींचा गाळ ४०%च्या ५ मिलिलिटरमध्ये मिसळायचा, लांब पिपेटने नळीच्या तळाशी ८०%चं अडीच मिलिलिटर हळूच सोडायचं, २० अंशांवर ८०० जी वर २० मिनिटं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक शून्य. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळले जातात. वर म्यूकस, चरबी आणि अभिस्तराचा चुरा, मधल्या रेषेवर लिम्फोसाइटची पांढरी धूसर पट्टी, तळाला तांबड्या पेशी. पट्टी ओढून घेतल्यावर किमान तिप्पट माध्यम घालून पातळ करा. नाहीतर पर्कोलच्या घनतेमुळे पेशी तळाला बसतच नाहीत, आणि ओतून दिलेल्या द्रवाबरोबर दिवसाचं काम सिंकमध्ये जातं. मॅक्रोफेज किंवा डेंड्रायटिक पेशी हव्या असतील तर पर्कोलची पायरी वगळावी. त्यांची घनता वेगळी असते, त्या या पट्टीत नीट येत नाहीत.

रंगकामात पहिला क्रम मृत पेशी ओळखणाऱ्या रंगाचा. तो प्रथिनांच्या अमाइनला चिकटतो, त्यामुळे एफसीएस नसलेल्या पीबीएसमध्येच लावायचा. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी ओढून घेतात, आणि आतड्याच्या नमुन्यात त्या भरपूर. जिवंत पेशींचं प्रमाण ८०%च्या वर असेल तर नमुना चांगला; ६०%च्या खाली गेलेल्या नमुन्याचे आकडे आम्ही धरत नाही. मग सीडी १६/३२ अडवणारी अँटिबॉडी (म्हणजे बाकीच्या अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाहीत), मग बाकीचं मिश्रण. लहान आतड्यात इओसिनोफिल (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) विपुल असतात आणि त्या जवळपास सगळ्या रंगांमध्ये आपोआप चमकतात. त्यांची खूण असलेल्या सिग्लेक-एफची अँटिबॉडी लावून आणि साइड स्कॅटर (पेशी आतून किती कणदार याचं माप) पाहून त्यांना आधी बाहेर काढावं. एक रंग वगळून केलेली नियंत्रणं आतड्याच्याच पेशींवर करावीत. प्लीहेच्या पेशींवर केलेलं नियंत्रण इथे गेट (आलेखावर पेशी निवडायची चौकट) कुठे लावायचा हे सांगू शकत नाही, कारण प्लीहेची पार्श्वभूमी खूपच शांत असते.

आयएलसी शोधताना चुका सगळ्यात जास्त होतात. या पेशींना स्वतःची अशी एकच खूण नाही. टी, बी आणि मायलॉइड पेशींच्या खुणा नसलेल्या, पण सीडी १२७ आणि सीडी ९० असलेल्या, अशी वजाबाकी करून त्या मिळतात, आणि मग पेशीच्या आत गाटा-३, आरओआर-गामा-टी, टी-बेट ही जनुकं नियंत्रित करणारी प्रथिनं पाहून गट ठरतात. वजाबाकीत एक खाच आहे. आतड्यातल्या उत्तेजित टी पेशी आपला ग्राहक पृष्ठभागावरून आत ओढून घेतात. त्यांच्यावर सीडी ३ फिकं दिसतं आणि त्या गुपचूप आयएलसीच्या गेटमध्ये शिरतात. उपाय सोपा: पृष्ठभागाबरोबरच पेशीच्या आतही सीडी ३ रंगवायचं. जोडीला रॅग-१ नसलेला एक उंदीर ठेवावा. त्यात टी आणि बी पेशी मुळातच नसतात आणि आयएलसी असतात, त्यामुळे खरा पुंजका कुठे पडतो हे त्याच्या नमुन्यात स्वच्छ दिसतं. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेले उंदीर वापरत असाल तर पेशीचं आवरण सच्छिद्र करताना जीएफपी बाहेर गळतं. आधी पॅराफॉर्मल्डिहाइडने हलकं स्थिर करावं लागतं, आणि तसं केलं की आरओआर-गामा-टीचा रंग थोडा मंद होतो. दोन्ही एकाच वेळी उत्तम मिळत नाही.

सायटोकाइन (पेशी सोडतात ते संदेशवाहक रेणू) पाहायला पेशी त्यांना उत्तेजित करणारं पीएमए, आयोनोमायसिन आणि सायटोकाइन आतच अडवणाऱ्या ब्रेफेल्डिनबरोबर ३७ अंशांवर चार तास ठेवतात. पीएमएमुळे सीडी ४ पृष्ठभागावरून उतरतं हे लक्षात ठेवून गेट लावा. आणि इथेच एक मोठा सापळा आहे. ऊती चिरताना, पचवताना फुटलेल्या पेशींमधून एनएडी हा छोटा रेणू बाहेर पडतो. उंदराच्या टी पेशींवरचं एआरटीसी २.२ नावाचं एन्झाइम ते एनएडी वापरून पी२एक्स७ या ग्राहकावर एडीपी-रायबोज चिकटवतं. हे काम बर्फावरही चालू राहतं. पेशी ३७ अंशांवर आल्या की पी२एक्स७ उघडं पडतं, कॅल्शियम आत घुसतं, सीडी ६२एल आणि सीडी २७ गळून पडतात आणि पेशी मरतात. मरतात त्या नेमक्या कोणत्या? ज्यांच्यावर पी२एक्स७ भरपूर आहे अशा ऊतीत राहणाऱ्या स्मृती टी पेशी, नियामक टी पेशी, आयईएलमधले बरेच गट. म्हणजे ज्यांच्यासाठी आतडं उघडलं त्याच. बर्फावरून काढताना जिवंत दिसलेला नमुना चार तासांनी निम्मा मेलेला निघतो त्यामागे बहुधा हेच असतं. एआरटीसी २.२ अडवणारी नॅनोबॉडी (अँटिबॉडीचा छोटा तुकडा) मिळते. उंदीर मारण्याच्या अर्धा तास आधी ५० मायक्रोग्रॅम शिरेतून दिली की नुकसान पुष्कळ टळतं. ते शक्य नसेल तर पी२एक्स७चा रोधक सगळ्या द्रावणांत घालावा. माणसाच्या ऊतींवर काम करणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण माणसात एआरटी-२चं जनुक निकामी आहे. म्हणून उंदराचा आणि माणसाचा आकडा शेजारी ठेवतानाही सावध राहावं.

इतकं सांभाळूनही सगळ्या पेशी हाती येत नाहीत. सीडी ८ स्मृती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीच्या छेदात मोजल्या, तर एन्झाइमने काढलेल्या पेशींपेक्षा त्या कितीतरी पट जास्त भरतात, हे २०१५ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं. मादीच्या जननमार्गात तर हाती लागणारा वाटा फारच थोडा. प्रत्येक आतड्याचा एक तुकडा पचवण्याआधीच बाजूला काढून गोठवून ठेवण्याची सवय त्यामुळे फार उपयोगी पडते. एका गटात पेशी ‘कमी’ दिसल्या तर त्या खरंच कमी आहेत की नुसत्या घट्ट बसल्या आहेत, हे छेद पाहूनच कळतं. जंतांचा संसर्ग झालेल्या उंदरांत तर हे अटळ आहे. म्यूकस इतकं वाढतं, भिंत इतकी सुजते की नेहमीच्या पद्धतीने हाती नुसता मेलेला चिकट लगदा येतो. तिथे ईडीटीएआधी डीटीटीची एक वेगळी खेप लागते आणि तुकडे जास्त वेळा धुवावे लागतात. निरोगी नियंत्रणालाही मग तीच वाढीव पद्धत लावायची, एकट्या संसर्गित गटाला नाही.

पेशी ऊतीतली की रक्तातली हा प्रश्न फुफ्फुसात सगळ्यात तीव्र. रक्त धुऊन काढलं तरी बारीक केशवाहिन्यांत लिम्फोसाइट चिकटून राहतात. उंदीर मारण्याआधी तीन मिनिटं, सुमारे ३ मायक्रोग्रॅम रंगीत सीडी ४५ अँटिबॉडी शेपटीच्या शिरेतून द्यायची. रक्तातल्या पेशी रंगतात, ऊतीतल्या कोऱ्या राहतात. तीनच मिनिटं, जास्त वेळ दिला तर अँटिबॉडी ऊतीत झिरपते. मात्र रंगली नाही म्हणजे ती पेशी तिथली कायमची रहिवासी, असंही नाही. सीडी ६९ आणि सीडी १०३ दिसलं तरी तो पक्का पुरावा ठरत नाही. दोन उंदरांचं रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून काही आठवड्यांनी कोणत्या पेशी जागच्या हलल्या नाहीत हे पाहणं, हीच अजून खरी कसोटी आहे.

त्वचेसाठी कान सोयीचा. चिमट्याने त्याचे पुढचा-मागचा असे दोन पापुद्रे सोलायचे, आतली बाजू खाली करून लिबरेज टीएल (कोलॅजनेझचं तयार मिश्रण) ०.२५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरवर ९० मिनिटं तरंगत ठेवायचे. पाठीची त्वचा घेणार असाल तर केसांचं चक्र पाहा. काळ्या उंदराची पाठ दाढी केल्यावर गुलाबी दिसली तर केस विश्रांतीत आहेत, करडी-काळी दिसली तर वाढीच्या अवस्थेत. दोन्ही अवस्थांत त्वचेची जाडी आणि पेशींची गणती जुळत नाही, म्हणून सात-आठ आठवड्यांचे, गुलाबी पाठीचे उंदीर निवडावेत.

राहता राहिले जिवाणू. एकाच वंशाचे, पण दोन वेगळ्या पुरवठादारांकडचे उंदीर घेतले आणि त्यांच्या लहान आतड्यातल्या टीएच-१७ पेशींत (टी पेशींचा एक गट) मोठा फरक दिसला, यामागे खंडित तंतुमय जिवाणू आहेत हे २००९ मध्ये स्पष्ट झालं. हा जिवाणू इलियमच्या अभिस्तराला चिकटून राहतो आणि एका गटात आहे, दुसऱ्यात नाही एवढ्यानेच तुमचं जनुक ‘काम करताना’ दिसू शकतं. बाहेरून विकत आणलेला उंदीर नियंत्रण म्हणून चालत नाही. एकाच आईची, एकाच पिंजऱ्यात वाढलेली, जनुक असलेली आणि नसलेली भावंडं घ्यावीत. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे पिंजरा बदलला की आतडंही बदलतं. पिंजऱ्याचा क्रमांक प्रत्येक नमुन्यापुढे लिहावा, आणि प्रयोगाच्या सकाळी प्रत्येक उंदराच्या दोन-तीन ताज्या लेंड्या नळीत घेऊन उणे ८० अंशांवर ठेवाव्यात.